मशीनच्या पोटातली रांग

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीची दोन बोटं पाण्याच्या मोटारीत सापडली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. बोटं वाचली. पण डाव्या हाताचं मधलं बोट अजून नीट वळत नाही, भाकरी थापताना ते बाजूला धरावं लागतं. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते आधी सांगतो.

सामाईक विहिरीवर आम्ही मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवला होता. तीन फेजची लाईट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री. दर वेळी अंधारात बांधावरून जायला नको. घरून एक मेसेज टाकला की मोटार चालू, दुसरा टाकला की बंद. दोन वर्षं छान चाललं. त्या दुपारी तिनं घरून ‘चालू’चा मेसेज टाकला. काही झालं नाही. रेंज गेली असेल म्हणून दुसरा टाकला, मग तिसरा. शेवटी कंटाळून स्वतःच विहिरीवर गेली. ती पोचते तोच मोटारीला ताकद मिळाली, पण पाणी फेकेना, नुसती घों घों करत राहिली. तिनं खोक्यावरचं लाल बटण दाबलं. मोटार थांबली. शाफ्ट अडकला असेल म्हणून तिनं तो हातानं फिरवून बघायला घेतला, तो सुटलाही, आणि तेवढ्यात मोटार आपोआप सुरू झाली.

गावात दोन निकाल लागले. काहींच्या मते त्या विहिरीवर काहीतरी आहे. बाकीच्यांच्या मते बाईमाणसाला मशीन कळत नाही, नुसती बटणं बडवत बसते. दुसरा निकाल तिच्या तोंडावर ऐकवला गेला, तोही हाताला पट्टी असताना. दुकानदारानं खोकं तपासलं, ‘यात काही बिघाड नाही’ म्हणून परत दिलं. आम्हाला यातलं काहीच पटलं नाही. लाल बटण दाबून थांबवलेली मोटार कुणी हात न लावता सुरू कशी झाली, एवढं एकच आम्हाला हवं होतं.

भाद्रपदात आमच्यातल्या दोघी-तिघी दरवर्षी मुंबईला जातात, लालबागच्या राजाला. परळच्या चाळीत एकीची थोरली बहीण राहते. सासरे गिरणीत होते, गिरण्या गेल्या, खोली राहिली. या बहिणीची मुलगी अशाच छोट्या खोक्यांचे प्रोग्रॅम लिहिते. कॉम्प्युटर म्हटलं की आपल्याला पडदा आणि कळा आठवतात. हिचा कॉम्प्युटर नखाएवढा काळा तुकडा असतो आणि तो दुसऱ्या वस्तूच्या पोटात बसलेला असतो: वॉशिंग मशीन, लिफ्ट, विजेचा मीटर, डेअरीतला दुधाचा काटा. तेव्हा या वेळी आम्ही पिशवीत नारळाबरोबर तो स्टार्टरही नेला.

भाचीनं गॅलरीत बसून खोकं उघडलं. आतला तुकडा दाखवत म्हणाली, “मावशी, हा एका वेळी एकच काम करतो. एकच.” आम्हाला नवल वाटलं. मोटारीकडे बघणं, लाईटचे तिन्ही फेज तपासणं, मेसेज वाचणं, बटणाकडे लक्ष ठेवणं, दिवा लुकलुकवणं, ही सगळी कामं चाललेली असताना एकच कसं? ती म्हणाली, “हे आजीला विचारा.”

आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. त्यांनी याच खोलीत खानावळ चालवली होती. गिरणगावात घरोघरी अशा खानावळी होत्या. गावाकडून आलेले एकटे कामगार महिन्याच्या हिशेबानं जेवायचे, आणि गिरण्या तीन पाळ्यांत चालत असल्यानं चुलीला उसंत नसायची. (अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बचत गट हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधी. ती गोष्ट वेगळ्या दिवशी सांगू.)

आजी म्हणाल्या, भोंगा झाला की जिन्यावर एकदम गर्दी. एक ओरडणार, ‘मला आज भात नको.’ दुसरा, ‘उद्या डबा बांधून द्या.’ तिसरा, ‘पाहुणा आहे, एक ताट जास्त.’ प्रत्येक हाकेला तव्यावरची भाकरी सोडून उठलं असतं तर सगळ्या भाकऱ्या करपल्या असत्या. म्हणून दाराशी पाटी टांगलेली. हाक आली की तिच्यावर दोन शब्द लिहायचे आणि लगेच परत तव्याकडे. भाकरी उतरली की पाटीवरची वरची ओळ बघायची, ते काम करायचं, ओळ पुसायची, पुढची ओळ.

मशीनच्या आत असंच चालतं. बटण दाबलं, मेसेज आला, फेज गेला, ही प्रत्येक घटना म्हणजे भोंगा. भोंगा झाला की तो तुकडा हातातलं काम क्षणभर थांबवतो, पाटीवर नोंद करतो आणि परत येतो. नोंद करण्यापलीकडे त्या क्षणी काहीही करायचं नाही, असा भाचीच्या धंद्यातला दंडकच आहे. कारण तिथेच काम करत बसलं तर पुढचा भोंगा ऐकू येणार नाही. काम करायचं ते नंतर, पाटीवरून वाचून, पहिल्या आलेल्याचं पहिलं. त्या पाटीला ते लोक ‘क्यू’ म्हणतात, म्हणजे आपली रांग. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं, म्हणून आपल्याला वाटतं की मशीन सगळीकडे एकदम बघतंय.

आजींनी मध्येच एक अडचण सांगितली. त्या पाटीवरची ओळ पुसत असतानाच मुलगा तिथे दुसरी ओळ लिहायला जायचा आणि दोन्हींचा काला व्हायचा. भाची हसली. तिच्याकडेही हेच होतं. म्हणून मशीन पाटीला हात लावताना अगदी निमिषभर भोंग्याचा आवाज बंद ठेवतं. हा क्षण लांबला तर घटना निसटतात, आणि ठेवलाच नाही तर पाटीवर गिचमीड होते. असली गिचमीड महिन्यातून एखाद्या वेळी होते, दुकानात दाखवायला नेलं की होत नाही, आणि मग लोक म्हणतात, विहिरीवर काहीतरी आहे.

आता पाटी किती मोठी? अशा काही तुकड्यांची सगळी कामाची आठवण दोन हजार अक्षरांच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या हातातल्या मासिकाचं जेमतेम एक पान. त्यातली थोडीशीच जागा रांगेला मिळते, समजा सोळा घरं. ती घरं गोलात असतात. आपल्या जुन्या रहाटगाडग्याची माळ आठवा. गाडगी मोजकीच. एकीकडे भरतात, दुसरीकडे रिकामी होतात, रिकामं झालेलं गाडगं फिरून पुन्हा भरायला येतं. रिकामं करणारा भरणाऱ्याच्या बरोबरीनं चालला तर सोळा गाडग्यांवर जन्म निघतो. पण भरणारा पुढे पळाला तर?

त्याचं उत्तर आम्हाला लालबागला उभ्यानं मिळालं. १९३४ साली कोळी बांधवांनी आणि बाजारातल्या विक्रेत्यांनी बाजाराच्या जागेच्या नवसापायी बसवलेला हा गणपती. आज त्याच्या दोन रांगा असतात. नवसाची रांग पायापर्यंत जाते, मुखदर्शनाची रांग लांबून दर्शन घेऊन बाहेर पडते. आम्ही मुखदर्शनाला होतो आणि सहा तास होतो, त्यामुळे शिकायला वेळ भरपूर मिळाला.

भाची म्हणाली, रांग भरली की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवायला हवं की जागा कुणाला नाकारायची. नव्याला परत पाठवायचं, की सर्वांत जुन्याला बाहेर काढायचं, की एकसारख्या माणसांचं एकच माणूस करायचं? माणसांच्या बाबतीत हा प्रश्न विचित्र वाटतो, मशीनच्या बाबतीत वाटत नाही. विहिरीच्या पाण्याची पातळी दर सेकंदाला येत असेल तर जुनी पातळी टाकून द्या, नवी ठेवा. दुधाच्या काट्यावर मात्र एकही नोंद टाकून चालणार नाही, कारण ती कुणाच्या तरी म्हशीची कमाई आहे. तिथे रांग भरली तर काट्यानं ‘थांबा’ म्हणून दिवा लावला पाहिजे आणि पुढची किटली घेऊ नये. गुपचूप एखादी नोंद गिळणारा काटा सर्वांत वाईट. ही निवड मशीन करत नाही, कुठल्यातरी टेबलाशी बसलेला माणूस करतो, आणि त्या माणसानं डेअरीत उभं राहून पाहिलेलं असेलच असं नाही.

‘बटणं बडवते’ या टोमण्याचाही निकाल तिथेच लागला. बटण एकदा दाबलं तरी आतली पत्री थरथरते आणि काही सहस्रांश सेकंदांत पाच-दहा वेळा चिकटते-सुटते. मशीनला प्रत्येक थरथर म्हणजे वेगळा भोंगा. चांगल्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या भोंग्यानंतर वीसएक सहस्रांश सेकंद थांबून पुन्हा बघतात आणि सगळ्यांची मिळून एक नोंद करतात. बटण अनेकदा दाबलं जाईल, हे गृहीत धरूनच मशीन बनवायचं असतं. माणूस घाबरला की तो चारदा दाबणारच. लिफ्टसमोर उभे राहिलेले शिकलेले पुरुषही दाबतात, आम्ही परळच्या टॉवरमध्ये पाहिलं.

पहिल्या आलेल्याचं पहिलं, हा न्याय तरी नेहमी बरा का? परळचं के.ई.एम. रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे, १९२६ पासूनचं. केसपेपरच्या खिडकीवर जो आधी आला त्याचा नंबर आधी, खोकलेवाला असो की गुडघेवाला. पण अपघाताचा माणूस आला तर त्याला कुणी ‘मागे उभे राहा’ म्हणत नाही. मशीनमध्येही कामांना असं वजन देतात. फेज गेला, मोटार तापली, हे अपघाताचे पेशंट. दिवा लुकलुकवणं, लाईट किती वेळ होती याची नोंद ठेवणं, हे केसपेपरवाले. मात्र अपघातच अपघात येत राहिले तर खिडकीवरची रांग संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. म्हणून काही प्रोग्रॅममध्ये जो जास्त वेळ ताटकळला त्याचं वजन हळूहळू वाढवत नेतात.

वजन देणं किती कामाचं, याची एक मोठी गोष्ट भाचीनं सांगितली. २० जुलै १९६९. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरत होता, शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि यानातल्या कॉम्प्युटरनं ‘१२०२’ असा इशारा दाखवला. अर्थ, नवी कामं ठेवायला जागा संपली. एका रडारचा नको असलेला मारा त्याचा वेळ खात होता. पण प्रोग्रॅम असा बांधला होता की जागा संपली तर कॉम्प्युटर स्वतःला पुन्हा सुरू करील, यान उतरवण्याची कामं आधी हाती घेईल आणि बाकीची सोडून देईल. त्यानं तसंच केलं, यान उतरलं. यानातले प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाची प्रमुख होती मार्गारेट हॅमिल्टन नावाची बाई. आमच्या मैत्रिणीनं हे ऐकलं आणि आपल्या बोटाकडे बघितलं. काही बोलली नाही.

काही कामांना वजन नसतं, वेळ असते. गॅसवर तिघींचं तीन ठेवलंय समजा: दूध पाच मिनिटांत उतू जाईल, कुकर बारा मिनिटांनी बंद करायचा, बटाटे पंचवीस मिनिटांनी. तीन घड्याळं लावायची गरज नाही. सर्वांत आधीचं पाच मिनिटांवर, म्हणून गजर पाचचा. तो वाजला की पुढचा सातचा, त्यानंतरचा तेराचा. मशीनही पुढच्या वेळांची अशी रांग लावून ठेवतं, फक्त पहिल्याचा गजर लावतं आणि मधल्या वेळात चक्क झोपतं. झोपतं म्हणून बॅटरी टिकते. पाण्याच्या टाकीवर बसवलेलं एखादं खोकं छोट्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालतं ते यामुळे.

पण वेळ टळली तर काय करायचं, हे त्या कामासोबत लिहून ठेवायला लागतं, आणि इथेच आपल्या विहिरीची गोष्ट येते. २०२५ साली लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला तोवर भरती चढली होती. मूर्ती तराफ्यावर घेता येईना. कार्यकर्ते, कोळी बांधव, हजारो माणसं, सगळे ओहोटीची वाट बघत थांबले आणि विसर्जन रात्री झालं. वेळ गेली हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून ते थांबले. नखाएवढ्या तुकड्याला समुद्र दिसत नाही. त्याच्या हातात फक्त रांगेतली चिठ्ठी असते. चिठ्ठीवर वेळ नसेल, किंवा असूनही त्यानं ती वाचली नाही, तर तासापूर्वीचा हुकूम आणि आत्ताचा हुकूम त्याला सारखाच.

आता त्या दुपारी काय झालं ते ऐका. भाचीनं खोक्याचं सिम काढून आपल्या जुन्या मोबाइलमध्ये घातलं, त्यावर आलेले मेसेज अजून साठलेले होते, वेळांसकट. तिन्ही ‘चालू’ दहा मिनिटांच्या आत पाठवलेले. रेंज नसल्यानं ते कंपनीच्या रांगेत अडकले. रेंज आली तसा पहिला खोक्यापर्यंत पोचला, मोटार घों घों करू लागली. आमच्या मैत्रिणीनं लाल बटण दाबलं, मोटार थांबली. मग उशिरानं दुसरा पोचला. पाठवल्यापासून अर्ध्या तासानं. खोक्याच्या लेखी तो नवा कोरा हुकूम होता. त्यानं तो इमानानं पाळला.

म्हणजे दुकानदार खोटं बोलला नव्हता, खोक्यात बिघाड नव्हता. भाचीच्या मते त्यात दोन गोष्टी मुळातच नव्हत्या. प्रत्येक मेसेजवर तो कधी निघाला याची वेळ असते, आपल्या मोबाइलवरही दिसते. पाच मिनिटांहून जुना ‘चालू’ आला तर तो फेकून द्यायचा, एवढी एक ओळ कुणी लिहिली नव्हती. ‘बंद’ मात्र कितीही जुना असला तरी पाळायचा, कारण उशिरा बंद झालेल्या मोटारीनं कुणाचं बोट जात नाही. दुसरं, लाल बटण हे रांगेतलं आणखी एक काम म्हणून धरलं होतं. ते तसं नको. ते दाबलं की सगळी रांग पुसली गेली पाहिजे, आणि माणसानं हातानं ‘सुरू’ केल्याशिवाय मोबाइलवरून आलेला एकही हुकूम चालता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला गिरगावाजवळच्या लॅमिंग्टन रोडला घेऊन गेली, तिथे फुटपाथपासून माळ्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत. आम्ही दोन-तीन ठिकाणी स्टार्टर मागितला आणि विचारलं, “जुना मेसेज उशिरा आला तर हा काय करतो?” एकानं आमच्या पिशव्यांकडे आणि कपाळाच्या कुंकवाकडे बघून किंमत सांगितली, उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं आत जाऊन कुणाला तरी फोन लावला आणि मग माहितीची घडी उघडून दाखवली. आम्ही दुसऱ्याकडून घेतला.

तरी गावी आणल्यावर तो थेट मोटारीला जोडला नाही. तुमच्याकडे असा स्टार्टर असेल तर हीच तपासणी करून घ्या. वायरमनला बोलवा, हे काम आपण करायचं नाही. मोटारीकडे जाणाऱ्या तारा सोडवून तिथे बल्ब लावायला सांगा. खोक्याची अँटेना काढून ठेवा आणि मोबाइलवरून तीन वेळा ‘चालू’ पाठवा. अर्धा तास चहा घ्या. मग अँटेना लावा आणि बघत बसा. बल्ब पेटला तर खोकं जुने हुकूम पाळतं. नंतर ताजा ‘चालू’ पाठवून बल्ब पेटवा, लाल बटण दाबा आणि लगेच मोबाइलवरून पुन्हा ‘चालू’ पाठवा. पेटला तर लाल बटणावर विसंबू नका. आमचा नवा दोन्ही वेळा गप्प राहिला. जुना दोन्ही वेळा पेटला, तेव्हा गावातली बरीच मंडळी विहिरीवर जमली होती, निकाल देणारीही.

आणि खोकं कितीही शहाणं असो, मोटारीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढायचे. आमच्या विहिरीवर आता खिळ्याला एक कापडी पिशवी टांगली आहे. काढलेले फ्यूज तिच्यात घालायचे आणि काम संपेपर्यंत पिशवी स्वतःच्या खांद्याला. पिशवी तिनंच शिवली आहे, त्याच हातानं.